नाथसागरात सायप्रिनसचं बीज कशाला?

मा. संपादक,

पाऊस लागला की मराठवाड्यातल्या तलावांवर, पैठणच्या जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयावरही, मत्स्यबीजाच्या गाड्या येतात. पिशव्यांत रोहू, कटला, मृगळ असतात, आणि त्यांत सायप्रिनस (कॉमन कार्प) हा परदेशी मासाही मिसळलेला असतो. त्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढं पिल्लू, तळहातावर घेतली की लगेच ओळखू येते. पाठीवरचा पर लांबलचक, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या. पण पिशवी उघडून बघतो कोण?

परदेशी मासे म्हणून सगळ्यांना एकाच मापानं मोजलं जातं, ते बरोबर नाही. चंदेरा (सिल्व्हर कार्प) आणि गवत्या (ग्रास कार्प) 1959 मध्ये आपल्या देशात आले. हे मासे चढत्या पुरात, वाहत्या गढूळ पाण्यात अंडी सोडतात. अंडं पाणी पिऊन चार-पाच मिलिमीटर फुगतं आणि धारेबरोबर वाहत जातं. पिल्लू बाहेर पडायला दिवस-दीड दिवस लागतो. तोवर पाणी संथ झालं तर अंडं गाळात बसून मरतं. पैठणच्या खाली आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुदगल, दिग्रस, विष्णुपुरी अशी गोदावरी जागोजागी अडवलेली आहे, म्हणून ही वीण इथे अवघड. तरी अशक्य म्हणू नये. हिमाचलच्या गोविंदसागरात 1971 मध्ये पुरामुळे चंदेरा शिरला, वरच्या अंगाला त्याला वाहती सतलज मिळाली, आणि काही वर्षांत तोच तिथला मुख्य मासा होऊन कटला मागे पडला. महापुरात आपल्याकडेही सगळे दरवाजे उघडतात.

सायप्रिनसला मात्र पुराची गरजच नाही. त्याचं अंडं चिकट असतं. थंडी सरताना आणि पुन्हा पावसाळ्यात तो काठाच्या उथळ पाण्यात येतो. गुडघाभर पाण्यात नर-मादी लोळतात, पाठी वर दिसतात. नंतर तिथली पाणगवताची काडी उपसून बघा, मोहरीएवढी पिवळसर अंडी तिला डकलेली असतात. दोन-तीन दिवसांत पिल्लं निघतात आणि सुरुवातीला त्याच गवताला धरून राहतात. नाथसागर उथळ, पसरट. गाळपेर जमिनीवर (पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी काठची जमीन) पाणी चढलं की असं गवत मैलोन् मैल मिळतं. धरणानं नदी थांबवली आणि या माशाला घर बांधून दिलं. मोठा झाला की तो तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो. मग गावठी माशांच्या पिल्लांनी लपायचं कुठे?

सायप्रिनस विकला जातो आणि त्यावर आमच्या कित्येक घरांची चूल पेटते, हे मी नाकारत नाही. जाळ्यात आला तर धरावाच. पण जो आपला आपण वाढतो, त्याचं बीज पैसे मोजून धरणात टाकायचं कारण मला तरी कळत नाही.

मत्स्यव्यवसाय विभागानं नाथसागर आणि गोदावरीला मिळणाऱ्या तलावांत सायप्रिनस सोडणं थांबवावं. मच्छीमार संस्थांसमोर पिशव्या फोडून बोटुकली तपासावी. आणि पुराच्या दिवसांत पैठण ते विष्णुपुरी बारीक जाळी लावून वाहती अंडी तपासावीत. त्या कामाला भोई समाजातली माणसं घ्या, पाणी त्यांना माहीत आहे.

– एक मच्छीमार, पैठण तालुका