‘वयोमानानुसार झीज’ म्हणजे उत्तर नव्हे

महोदय,

गोदामात चाळीस किलोचं खोकं उचलून वळलो आणि कमरेत कळ आली. ती थेट डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली. खाली बसलो तो उठता येईना. एमआरआयमध्ये चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली चकती सरकलेली दिसली. भरपाईचा दावा मात्र एका ओळीत निकालात निघाला: ‘मणक्यांची झीज वयोमानानुसार, अपघाताशी संबंध नाही.’ हे मत देणाऱ्या डॉक्टरांनी मला तपासलंसुद्धा नव्हतं, फक्त फिल्म पाहिली होती.

झीज होती, ते मी नाकारत नाही. पन्नाशीला आलोय. पण पाठदुखीची कसलीही तक्रार नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या स्कॅनचा एक आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीच्या सुमारे ८० टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या आणि ६० टक्के लोकांच्या फुगलेल्या आढळल्या. म्हणजे झीज अंगावर वागवत माणसं धडधाकट कामं करतात. मीही करत होतो. मग नेमकं त्याच दिवशी काय घडलं, याचं उत्तर त्या ओळीत नाही.

अपिलात मी तेवढी एकच ओळ धरली. आधीची झीज कामामुळे बळावली तरी भरपाई मिळू शकते, असं अनेक देशांचे कायदे मानतात. म्हणून माझ्या डॉक्टरांना ‘दुखणं कामामुळेच आहे का’ असं न विचारता ‘त्या दिवशीच्या वजनामुळे जुनी झीज उफाळली असण्याची शक्यता किती’ असं विचारलं. त्यांनी तपासणी करून, कारणांसह लेखी उत्तर दिलं. आदल्या तीन वर्षांत पाठीसाठी एकही रजा घेतलेली नाही हे हजेरीपटावरून दाखवलं. शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याने जबाब दिला (नोकरी सांभाळून असं करायला छाती लागते).

अडलं ते पहिल्या केसपेपरवर. कळवळत असताना मी ‘कंबर दुखतेय’ एवढंच बोललो होतो आणि तेवढंच लिहिलं गेलं. खोक्याचा उल्लेखच नाही! सुनावणीत निम्मा वेळ त्यावरच गेला. शेवटी निकाल फिरला, पण अर्धवटच. उपचारांचा खर्च आणि बुडालेला पगार मिळाला, कायमच्या अपंगत्वाचा मुद्दा अजून लोंबकळतोय.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६४ च्या १२१ क्रमांकाच्या करारात लाभ नाकारल्यास अपिलाचा हक्क नमूद आहे. माझ्या नामंजुरीच्या पत्रात मात्र अपील कुठे आणि किती दिवसांत करायचं, ते पाठीमागे बारीक अक्षरांत छापलेलं होतं. मला ते मुदतीला सहा दिवस उरले असताना दिसलं. ही माहिती पत्राच्या पहिल्याच पानावर, ठळक टाइपात असावी आणि रुग्णाला न तपासता दिलेल्या मतावर दावा फेटाळला जाऊ नये, एवढी मागणी आपल्या वृत्तपत्रामार्फत संबंधितांपर्यंत पोहोचावी.

आपला,
एक गोदाम कामगार