जनुकचाचणी करावी का? : मित्रास पत्र

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. दादांच्या यकृताच्या कर्करोगाचे निदान झाल्यापासून तुझ्या मनात घर करून बसलेली शंका तू मोकळेपणाने लिहिलीस, हे फार बरे केलेस. तुम्हा दोघा भावांना हिपॅटायटिस बी (यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूचा संसर्ग) आहे, आईवडील एकच आहेत, तेव्हा जे त्यांच्या वाट्याला आले तेच आपल्याही जनुकांत असणार, आणि म्हणून प्रतिकारशक्तीच्या जनुकांची चाचणी करून घ्यावी, असे तू म्हणतोस. हा तर्क मला अर्धाच पटतो.

तुम्हा भावांत जनुके सामाईक आहेत तसा विषाणूही सामाईक आहे, आणि तो बहुधा जन्माच्या वेळी आईकडून आला असावा. नवजात बाळाला हा संसर्ग झाला, तर सुमारे ९० टक्के वेळा तो कायमचा मुक्काम करतो. प्रौढ वयात झाला, तर ५ टक्क्यांहून कमी लोकांत. म्हणजे एकाच घरात हा आजार दिसला की लगेच जनुकांकडे बोट दाखवता येत नाही. गंमत म्हणजे या विषाणूचा शोधही अशाच गुंत्यातून लागला. बारूक ब्लमबर्ग हे रक्तातील प्रथिनांमधले आनुवंशिक फरक शोधत होते. १९६५ मध्ये त्यांनी जाहीर केलेले ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ हे पुढे हिपॅटायटिस बी विषाणूच्या आवरणाचे प्रथिन ठरले.

तरीही जनुकांचा वाटा आहेच. सहाव्या गुणसूत्रावर एचएलए जनुकांचा मोठा समूह आहे. विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडून टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशींना, दाखवणे हे या जनुकांपासून बनणाऱ्या रेणूंचे काम, आणि हे तुकडे किती नीट मांडले जातात हे माणसागणिक बदलते. त्यांपैकी एचएलए-डीपी या भागातील फरकांचा दीर्घकालीन हिपॅटायटिस बीशी संबंध असल्याचे २००९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले. मात्र तो संबंध मुख्यतः विषाणू शरीरात टिकतो की हटतो, या प्रश्नाशी आहे. तुझ्या बाबतीत त्या प्रश्नाचा निकाल कधीच लागलेला आहे. टिकलेल्या संसर्गातून कर्करोग कोणाला होईल, हा वेगळा प्रश्न आहे, आणि वर्तमानपत्री लेखांत या दोन्हींची सर्रास सरमिसळ होते.

त्या दुसऱ्या प्रश्नाबाबत मला सर्वांत उद्बोधक वाटते ते मायका हे जनुक. पेशी संकटात सापडली की मायका प्रथिन तिच्या पृष्ठभागावर येते आणि ते पाहून नॅचरल किलर पेशी तिच्यावर चालून जातात. पण हेच प्रथिन तुटून रक्तात मिसळले, तर त्या मारेकरी पेशींची धार बोथट होते. २०११ मध्ये जपानमध्ये हिपॅटायटिस सी या यकृताच्याच दुसऱ्या विषाणूच्या रुग्णांत या जनुकाजवळचा एक फरक कर्करोगाशी निगडित आढळला, आणि तो असलेल्यांच्या रक्तात मायकाचे प्रमाण कमी होते. पुढच्याच वर्षी हिपॅटायटिस बीच्या रुग्णांत त्याच जागेची तपासणी झाली, तेव्हा संबंध उलट्या दिशेने निघाला : रक्तातले प्रमाण वाढवणारे रूपच तिथे धोक्याचे ठरले. एका विषाणूत जे तारक तेच दुसऱ्यात मारक असेल, तर नुसत्या जनुकाच्या अहवालावरून तुला कोण काय सांगणार?

शिवाय प्रतिकारशक्ती जोरदार असली म्हणजे यकृत सुरक्षित, असेही नाही. हा विषाणू यकृताच्या पेशींना सहसा स्वतः मारत नाही. बाधित पेशींवर तुटून पडतात त्या आपल्याच टी पेशी. हल्ला निर्णायक झाला तर विषाणू आटोक्यात येतो, पण तो वर्षानुवर्षे अर्धवटच चालू राहिला, तर पेशी मरतात, नव्या तयार होतात, व्रण साठत जातात आणि प्रत्येक नव्या विभाजनाबरोबर डीएनएतील चुकांना वाव मिळतो. त्यातच हिपॅटायटिस बीचा डीएनए आपल्या डीएनएत घुसू शकतो, त्यामुळे सिरॉसिस (व्रण साठून यकृत कठीण होणे) नसतानाही कर्करोग होऊ शकतो.

आता आकड्यांची तुलना कर. हिपॅटायटिस सीच्या त्या अभ्यासात धोक्यातील वाढ दीडपटीच्या आतच होती. याउलट तैवानमध्ये उपचार न घेतलेल्या हिपॅटायटिस बीच्या रुग्णांचा सुमारे ११ वर्षे पाठपुरावा झाला. २००६ च्या त्या अहवालानुसार रक्तात विषाणू नगण्य असलेल्यांत कर्करोगाचे प्रमाण १.३ टक्के, तर मिलिलिटरमागे दहा लाखांहून अधिक प्रती असलेल्यांत १४.९ टक्के होते. जनुक बदलता येत नाही. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, मात्र औषधांनी खाली आणता येतो.

म्हणून माझे मत विचारशील तर या चाचणीच्या मागे लागू नकोस. दादांचा आजार डॉक्टरांना आवर्जून सांग, कारण घरात यकृताचा कर्करोग असणे हे स्वतंत्रपणे धोक्याचे मानले जाते आणि औषध केव्हा सुरू करायचे, यावर त्याचा परिणाम होतो. व्हायरल लोड आणि यकृताच्या एन्झाइमची तपासणी चुकवू नकोस, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घे आणि मद्य पूर्ण वर्ज्य कर. वहिनींची आणि मुलांचीही रक्ततपासणी होऊ दे. ज्यांना संसर्ग नाही आणि लसही झालेली नाही, त्यांना ती लगेच देता येईल.

व्हायरल लोडचा अहवाल हाती आला की आकडा मला कळव. दादांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
अनिरुद्ध