लेन्स बसली, पण फिरली नाही

महोदय,

दसऱ्यानिमित्तच्या आपल्या पुरवणीत डीएसएलआर कॅमेऱ्यांची पानभर जाहिरात पाहिली. ‘२४ मेगापिक्सेल’ वीतभर अक्षरांत, आणि लेन्सबद्दल चकार शब्द नाही. म्हणून माझी फजिती कळवतो.

मी नागपूरच्या महाल भागातला निवृत्त गणित शिक्षक. नातीच्या स्नेहसंमेलनाचे फोटो काढायचे म्हणून २५ हजार रुपये बाजूला ठेवले होते. त्यातल्या १८ हजारांत वापरलेला निकॉन डी३४०० आणि सोबतची १८-५५ एमएमची लेन्स सीताबर्डीच्या बाजारातून आणली. रंगीत तालमीला मागच्या रांगेतून फोटो घेतले, तर सगळ्या पोरी धुरकट. लांबचं जवळ आणायला ५५ वर नेली की ही लेन्स एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (हा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं), म्हणून उजेड कमी पडतो. पुतण्या म्हणाला, १.८ वाली ५० एमएम घ्या. कागदावर मांडून पाहिलं: ५.६ भागिले १.८, त्याचा वर्ग. जवळपास दहापट उजेड! इतका आनंद पेन्शनच्या फरकाचाही झाला नव्हता.

दुकानात दोन लेन्सा समोर आल्या. एकीवर ‘एएफ-एस’, दुसरीवर नुसतं ‘एएफ’ आणि शेवटी ‘डी’, किंमत निम्मी. “काका, दोन्ही निकॉनच्याच. काहून डबल पैसे देता?” मी बिनडबलवाली घेतली. कॅमेऱ्यावर खट्‌कन बसलीही.

घरी बटण दाबदाबून बोट दुखलं, फोकस जागचा हलेना. आधी बॅटरीला शिव्या घातल्या. मग कळलं, ‘एएफ-एस’ लेन्समध्ये फोकस फिरवणारी मोटर असते, या ‘डी’ लेन्समध्ये नसते. तिला कॅमेऱ्यातली मोटर फिरवते. ती निकॉनच्याच डी९० किंवा डी७००० मध्ये आहे, डी३४०० आणि त्यानंतर आलेल्या डी३५०० मध्ये नाही. कॅमेरा हलका नि स्वस्त ठेवायचा तर काहीतरी गाळावंच लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. कंपनीच्या पुस्तिकेत हे छापलेलंही आहे, पण वापरलेल्या कॅमेऱ्यासोबत पुस्तिका कोण देतो? कॅननवाल्यांना हा घोर नाही, त्यांच्या ईएफ या लेन्समालिकेत १९८७ पासून मोटर लेन्समध्येच असते. दुकानदाराचं उत्तर मात्र बिनतोड: “लेन्स खराब नाही, मग परत कशी घेऊ?”

डी३५०० चं उत्पादन २०२२ मध्ये थांबल्याचं वाचलं. म्हणजे यापुढे आमच्यासारखी गिऱ्हाईकं जुन्या मालाकडेच वळणार. निदान लेन्सच्या किमतीच्या चिठ्ठीवर ‘मोटर नसलेल्या कॅमेऱ्यावर फोकस हाताने करावा लागेल’ एवढं दुकानदारांनी लिहावं. आणि आपणही जाहिरातदारांना लेन्सचं पूर्ण नाव छापायला सांगावं, शेवटच्या अक्षरासकट.

संमेलनाला तीच लेन्स नेली. हाताने कडं फिरवायचं, डोळा लावायच्या खिडकीत खाली डावीकडे फोकस जुळल्याचा हिरवा ठिपका लागला की बटण दाबायचं. लावणीत एकही फोटो साधला नाही. स्वागतगीताला पोरी जागेवर उभ्या होत्या, तेवढे चार बरे आले.

– एक निवृत्त शिक्षक, महाल, नागपूर