पिसदुऱ्याच्या दगडांची नोंद कोण ठेवणार?

महोदय,

धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावात लोक ‘काकड भैरव’ म्हणून ज्या दगडी गोळ्यांची पूजा करत होते, ती डायनोसॉरची अंडी असल्याची बातमी डिसेंबर २०२३ मध्ये गाजली. पुढच्याच एप्रिलात कच्छच्या पानन्ध्रो खाणीत जीवाश्मरूपात सापडलेला महाकाय वासुकी साप मथळ्यांत झळकला. वाचून आनंदच झाला. पण आमच्या वरोरा तालुक्यातलं पिसदुरा म्हटलं की चंद्रपुरातला माणूससुद्धा ‘हे कुठं आलं?’ विचारतो.

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवत असे. पावसाळ्याच्या तोंडावर पोरांना पिसदुऱ्याच्या लाल मातीच्या वावरांत घेऊन जायचो. वखर फिरलेल्या जमिनीवर एक सर पडून गेली की दगड धुऊन वर येतात. त्यात करड्या-तपकिरी रंगाचे, बटाट्यासारखे, एका टोकाला चिमटलेले गोटे असतात. हातात घेतले की आकाराच्या मानानं जड. ही डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा, असं सांगितलं की पोरं आधी गोटा टाकून द्यायची, मग हसायची आणि मग त्याच्यासाठीच भांडायची.

हसण्यावारी नेण्यासारखी ही वस्तू नाही. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांना याच गोट्यांत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले. २००५ साली ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत ते प्रसिद्ध झालं. डायनोसॉर होते तेव्हा गवत नव्हतंच, असं तोवर धरून चाललेले. इथं तर किमान पाच प्रकारचं गवत निघालं. पाठ्यपुस्तकं बदलायला लावणारा पुरावा आमच्या धुऱ्यावर पडलेला होता! शेजारच्या डोंगरगावात सापडलेल्या महाकाय डायनोसॉरचं नाव ‘इसिसॉरस’. तो सांगाडा खणून अभ्यासणाऱ्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून ते पडलं. हाडं कोलकात्याला गेली. ती निदान सांभाळली तरी जातात.

बाकीचं काय? सहली येतात, पिशव्या भरून नेतात. एका महाविद्यालयाच्या कपाटात मी इथले गोटे पाहिले. चिठ्ठीवर फक्त ‘डायनोसॉर, विदर्भ’. कुठल्या वावरातला, कुठल्या थरातला, काही नाही. ठिकाण हरवलं की त्या गोट्याचा अभ्यासाला फारसा उपयोग उरत नाही, हे प्राध्यापकांना मी सांगावं का?

केंद्रीय खाण मंत्रालयानं खडक-जीवाश्मांचा भूवारसा जपण्याच्या विधेयकाचा मसुदा २०२२ च्या डिसेंबरात मांडला. कायदा होईल तेव्हा होवो. मागणी त्याहून साधी आहे. ग्रामपंचायतीत एक कपाट आणि एक रजिस्टर ठेवा. गट नंबर, तारीख, फोटो, सापडवणाऱ्या शेतकऱ्याचं नाव. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय नागपुरातच आहे. त्यांचा एखादा माणूस वर्षातून एकदा आला आणि गावातल्या दोन-चार पोरांना नोंद करायला शिकवून गेला, तरी पुष्कळ काम होईल.

फक्त यायचं तर मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर, पेरणीच्या आधी या. कपाशी वर आल्यावर वावरात माणसं तुडवायला लागली की शेतकरी खवळतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

– एक निवृत्त शिक्षक, वरोरा (जि. चंद्रपूर)