रॅम्पचं माप आधी, काँक्रीट नंतर

जळगाव

प्रिय ज्ञानेश्वर,
राम राम.

ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीचा नकाशा मिळाला. ओटा ६० सेंटिमीटर उंच आणि रॅम्प दोन मीटरचा! त्यावर मोटरसायकल चढेल, व्हीलचेअर नाही. उंचीच्या बारा पट लांबी लागते, म्हणजे ७.२ मीटर. शिवाय वर आणि खाली दीड-दीड मीटर सपाट जागा, खुर्ची वळायला. अंगण पुरत नसेल तर रॅम्प वळवून घ्या, पण वळणावरही दीड मीटर सपाट हवं. रुंदी किमान १.२ मीटर. कठडा दोन्ही बाजूंना, एक दांडी ७६ सेंटिमीटरवर, दुसरी ९० वर. उघडा स्टीलचा पाइप नको. आपल्या मे महिन्यात त्याला हात लावून बघ. गुळगुळीत फरशीही नको, ओल्या काँक्रीटवर खराटा ओढला की पुरे.

खरी गोम काळ्या मातीत आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसता ओतलेला रॅम्प एक-दोन पावसाळ्यांत इमारतीपासून सुटतो आणि जोडावर दोन बोटांची धार उभी राहते. व्हीलचेअरची पुढची चाकं लहान असतात. ती त्या धारेला अडतात आणि माणूस तोंडघशी पडतो. म्हणून काळी माती काढून मुरूम भरा, पाणी मारून ठोका, मगच काँक्रीट.

दार ९० सेंटिमीटर मोकळं हवं. चौकट ९० ची घेतली तर फळी उघडल्यावर तेवढं उरत नाही, हे मिस्त्रीला दोनदा सांग. संडासाचं दार बाहेर उघडणारं ठेवा. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्यालाच अडतं. कमोड ४५ ते ४८ सेंटिमीटर उंच. आणि तिथे झाडू-बारदान ठेवून कुलूप लावायची सगळीकडची रीत आपल्याकडे नको!

सरपंच म्हणतील, सक्ती कुठे आहे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४४ दाखव: सुगम्यतेचे नियम पाळल्याशिवाय इमारतीला पूर्णत्वाचा दाखला नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींची पाच वर्षांची मुदत २०२२ लाच संपली. याच कायद्याखाली केंद्राने केलेल्या नियमांपैकी नियम १५ मधली मानकं नुसती शिफारशीसारखी होती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ ला तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला सक्तीचे नियम करायला सांगितलं. तरी कोणी ऐकलं नाही, तर फोटो आणि टेपने घेतलेली मापं जोडून पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज कर. मापाशिवायचा अर्ज फाइलीत पडून राहतो.

ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला दिव्यांगांसाठीचा पाच टक्के निधी मात्र रॅम्पवर घालू देऊ नको. रॅम्प इमारतीच्या अंदाजपत्रकातच हवा. तो निधी माणसांचा आहे.

तालुक्याला जायचं कसं, हा प्रश्न उरतोच. एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, पायऱ्यांत नाही. रेल्वेचंही तेच: उंच फलाट रुळापासून ८४ सेंटिमीटरपर्यंत, डब्याची फरशी सव्वा मीटरच्या वर. मधली उंची माणसांनी उचलूनच पार होते.

तुमचं काम एवढं अवघड नाही. रॅम्पच्या काँक्रीटसाठी फळ्या लागल्या की दोरी बांधून उतार मोज आणि गावातल्या व्हीलचेअरवाल्या दादाला आखणी दाखव. त्याने हो म्हटल्यावरच मिक्सर बोलव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
प्रकाश