ग्लुकोजच्या पाण्यात मीठ कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यात घ्यायच्या काळजीबद्दल आपल्या अंकात नुकतीच एक चौकट आली. डोक्याला दुपट्टा बांधा, भर दुपारी बाहेर पडू नका, हे ठीकच. पण त्यात ‘ताकद राहावी म्हणून ग्लुकोजचे पाणी पीत राहा’ असेही आहे आणि मिठाचा उल्लेख कुठेच नाही. इथे नागपुरात बर्डीकडच्या एकदोन पाणपोयांवरही आता माठात ग्लुकोजची पावडर ढवळलेली दिसते. पाजणाऱ्यांचा हेतू चांगला, त्याबद्दल दुमत नाही. पण नवतप्याच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत दिवसभर राबणाऱ्याच्या घामातून पाण्याबरोबर मीठही जाते, आणि गेलेले पाणी परत आत घ्यायला आतड्याला तेच मीठ लागते.

पाणी ओढून घेणारा पंप आपल्या शरीरात नाही. क्षार जिकडे जातात, त्यांच्या मागोमाग पाणी जाते. लहान आतड्यातल्या पेशींच्या पटलावर एक प्रथिन असते. ते ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन एकत्रच आत घेते; एकट्याला प्रवेश नाही. ही जोडी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागच्या परिषदेत मांडली. म्हणजे ओआरएसमधली, जुलाबात देतात त्या मीठ-साखरेच्या पाण्यातली, साखर ताकदीसाठी नसते, ती सोडियमला सोबत म्हणून असते.

या प्रथिनापाशी एटीपी, म्हणजे पेशीचे इंधन, खर्च होत नाही. खर्च होतो पेशीच्या पाठीमागे, रक्ताकडच्या बाजूला. तिथला पंप एटीपीचा एक रेणू मोडून तीन सोडियम बाहेर काढतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियमचा कायम तुटवडा असतो, आतड्यातला सोडियम आत धावतो आणि येताना ग्लुकोजलाही ओढून आणतो. गच्चीवरच्या टाकीसारखेच हे: स्वयंपाकघरात नळ सोडला तेव्हा मोटर बंद असते, पण विजेचे मीटर आधीच फिरून गेलेले असते. हा पंप डेन्मार्कच्या येन्स स्काऊ यांना खेकड्याच्या नसांमध्ये सापडला. शोधनिबंध १९५७ चा, नोबेल मिळाले १९९७ मध्ये! आपण नुसते पडून असतो तेव्हाही शरीराच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा तरी या पंपांवर जातो. बारावीच्या मुलांना तो मज्जातंतूंच्या धड्यात भेटतो आणि परीक्षेनंतर तिथेच राहतो, हे शिक्षिका म्हणून मी पाहिले आहे.

कॉलऱ्यात आतडे पाणी सोडत सुटते, तरी ही सोडियम-ग्लुकोजची वाट शाबूत राहते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटले ते याच आधारावर. तीस टक्क्यांच्या घरातला मृत्युदर साडेतीनच्या आसपास आला. त्यांना पद्मविभूषण मिळाले २०२३ मध्ये, मरणोत्तर.

उलट नुसती साखर वाढवली, तर न शोषलेली साखर पाणी आतड्यातच धरून ठेवते. जुलाब लागलेल्या लेकराला डब्यातला गोड ज्यूस पाजू नये तो यासाठीच.

तेव्हा विनंती अशी की, मे महिन्यात रोजच्या तापमानाशेजारी चार ओळींची जागा द्यावी. एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. ओआरएसचे पाकीट आणले तर त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात ते पूर्ण घालावे. अर्धे आज, अर्धे उद्या करू नये. घरात बसलेल्यांना साधे पाणी आणि ताक पुरे. रक्तदाब किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि ऊन लागून शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही ओतू नये. अंग ओले करत त्याला सरळ मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत न्यावे.

आपली,
जीवशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका,
धरमपेठ, नागपूर