आजोबांची पाती ओळखणाऱ्या काकांना

ती. स्व. काकांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुम्ही जे शिकवलंत ते माझ्या एकटीपाशी राहू नये, एवढीच इच्छा.

माझे आजोबा गावचे लोहार. त्यांच्या मागे भाता बंद झाला, ऐरण गेली, पण त्यांच्या हातची काही पाती पत्र्याच्या पेटीत राहिली होती. काहींना मूठ होती, काहींची मुठीत बसणारी नुसतीच शेपटी. ती कुणासाठी घडवली, कशाला वापरायची, हे घरात कुणाला सांगता येत नव्हतं. पेटी भंगारात जायच्या बेतात असताना कुणीतरी तुमचं नाव सुचवलं. आयुष्यभर कोल्हापुरी चपला शिवलेला माणूस, हत्यार बघून बोलेल, म्हणाले.

तुम्ही पाती फडक्यावर ओळीने मांडलीत आणि आधी मुठी बघितल्यात. कुठे झिजलीय, अंगठा कुठे टेकत असेल. मग पाठ, आणि धार सगळ्यांत शेवटी. एका जाड पात्याची पाठ ठोके खाऊन दोन्ही अंगांना पसरली होती. "हे कापायचं नव्हे, फोडायचं. बुरुडाचं असणार," असं म्हणून तुम्ही त्याची जाडी दाखवलीत. बांबूच्या तोंडावर पातं ठेवून वरून ठोकायचं. पुढे ते पाचरीचं काम करतं आणि बांबू आपल्या रेषेने उकलत जातो. बारीक, चपट्या तोंडाची पट्टी तर तुम्ही हातात घेताक्षणी बाजूला ठेवलीत. न्हाव्याची नराणी, नखं काढायची.

मग रापी, चामडं कापायचं-तासायचं हत्यार. रुंद, उलथन्यासारखं पातं, धार तिरकी, एका अंगाने सपाट आणि दुसऱ्या अंगाने उतरतं. चामड्याचे दोन थर जिथे जोडायचे तिथली कड तासून पातळ केली नाही तर जोड उंच राहतो आणि पायाला लागतो, हे तुम्ही दगडावर चामड्याचा तुकडा ठेवून, प्रत्यक्ष तासून दाखवलंत. सपाट अंग चामड्यालगत, उतार वर, आणि जोर मनगटाचा नाही, खांद्याचा. इजिप्तमध्ये थीब्ज इथे रेखमिरे नावाच्या वजिराचं सुमारे ३४०० वर्षांपूर्वीचं थडगं आहे. त्याच्या भिंतीवर चामड्याचं काम करणारे कारागीर रंगवलेत आणि चामडं कापायला त्यांच्याकडे अर्धचंद्राकृती पातं आहे. ते चित्र मी फोटोत बघितलं तेव्हा मला तुमचाच हात आठवला.

त्याच रापीच्या शेपटीवर तुम्हाला बारीक तिरप्या रेघा दिसल्या. जुन्या कानशीचे दाते, पूर्ण न घासलेले. कानशीचं पोलाद कडक, त्याला पाणी चांगलं चढतं. बैलगाडीच्या चाकावरच्या धावेचं लोखंड कितीही तापवून पाण्यात बुडवा, धार धरत नाही. आजोबा काय निवडत होते आणि का, हे मला तुमच्याकडून कळलं.

पण ज्यासाठी खरं तर हे पत्र, ती दुसरी रापी. पहिलीसारखीच, फक्त उतार वर धरला की धार उलटी तिरकी. तुम्ही ती उजव्या हातात धरलीत, मान हलवलीत, डाव्या हातात घेतलीत आणि एकदम हसलात. "डावऱ्यासाठी केलीय ही." मुठीवरची झीजही डाव्या अंगठ्याचीच निघाली.

काका, आजोबांच्या कामाचं कुठे काही लिहिलेलं नाही. बलुत्यात लोहाराला धान्य मिळे, नाव राहत नसे. पण आपल्या भागात कुणी डावखुरा चर्मकार होता, त्याला उजव्या हाताच्या रापीने अडत असणार, आणि आजोबांनी त्याच्या हाताचा विचार करून घाट उलटा घडवला, एवढं आता मला ठाऊक आहे. मी आजोबांना फार कमी पाहिलं. त्या माणसाच्या स्वभावाबद्दल इतकं पक्कं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आले. चपलेबद्दल तेव्हा पुष्कळ वाचलं. ती ज्या रापीने कापली जाते तिच्याबद्दल, आणि ती रापी घडवणाऱ्याबद्दल, फारसं काही वाचनात आलं नाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयात नक्षीचे अडकित्ते लोक थांबून थांबून बघतात, बघावेतच. बिननक्षीच्या रापीसाठीही एखादं कपाट असावं असं मला मनापासून वाटतं.

तुमचा सगळा दुपारचा वेळ गेला, हातातलं गिऱ्हाइकाचं काम तसंच राहिलं, आणि पैशाचा विषय काढला तर तुम्ही चहा मागवलात. त्याबद्दल कसं लिहावं कळत नाही. मनापासून आभार.

प्रत्येक पात्याला आता मी चिठ्ठी बांधते आहे: कशाचं, कुणाच्या कामाचं, कशावरून ओळखलं. "ओळखणारे" म्हणून खाली तुमचं पूर्ण नाव घालायचं आहे. चालेल ना, तेवढं कळवा. डावऱ्या रापीची मूठ सैल झालीय, ती घेऊन पुढच्या बाजाराला येते.

आपली,
लोहाराची नात